सहा तास टिकली पाहिजे

शालूबाई पहिल्यांदा माझ्यासमोर आली तेव्हा तिनं नमस्कार केला नाही की नाव सांगितलं नाही. खुर्चीच्या कडेला टेकली आणि म्हणाली, "सिस्टर, ही पिशवी सहा तास टिकली पायजे. गळता कामा न्हाय. तेवढं शिकवा."

मी बेळगावातल्या एका दवाखान्यात नर्स आहे. आतड्याच्या ऑपरेशननंतर काहींच्या पोटावर शौचाची नवी वाट काढावी लागते. पोटावर आतड्याचं लालसर तोंड दिसतं, त्याला आम्ही स्टोमा म्हणतो. त्याच्याभोवती चिकट चकती बसवायची आणि चकतीला पिशवी लावायची. आतून कधी काय येईल यावर माणसाचा ताबा नसतो. हे सगळं सांभाळायला शिकवणं हे माझं काम. माझ्याकडे बहुतेक माणसं पहिल्या दिवशी रडतात. शालूबाई रडली नाही. मला वाटलं, धीराची बाई आहे. सहा तास तिला कशासाठी हवे होते ते मला चार महिन्यांनी कळलं, तेही तिनंच सांगितलं म्हणून. "कुणालाबी सांगा, नाव बदलू नका," असंही म्हणाली. म्हणून सांगते आहे.

ती बेळगावातल्याच वडगावची. घरात दोन पॉवरलूम. नवरा भरमू माग चालवतो, ती जमिनीवर बसून कांड्या भरते, म्हणजे धोट्यात घालायच्या नळीवर सूत गुंडाळते. वय पन्नाशीचं, मूलबाळ नाही. दोन वर्षांपूर्वी मोठं आतडं आजारानं पार खराब झालं, दुसऱ्या एका दवाखान्यात ते काढून टाकलं आणि लहान आतड्याचं तोंड उजव्या बाजूला पोटावर आणलं. घरी पाठवताना कुणीतरी एकदा पिशवी लावून दाखवली. तेवढंच शिक्षण.

भरमूचा धाकटा भाऊ मारुतीराव निपाणीत तंबाखूचा व्यापार करतो. त्याची बायको जयाबाई, म्हणजे शालूबाईची धाकटी जाऊ. त्यांची मुलगी स्वरूपा कॉलेजसाठी पाच वर्षं वडगावात शालूबाईकडे राहिली होती. डबा, ताप, परीक्षा, केसांना तेल, सगळं शालूबाईनं केलं. ती स्वरूपाची मोठी आई.

जानेवारीत निपाणीला स्वरूपाचा साखरपुडा होता. शालूबाई सकाळी उपाशी राहून, पाणीसुद्धा न पिता गेली. पोटात काही नसलं की पिशवीत काही येणार नाही, असा तिचा हिशेब. चकतीवर चिकटपट्टीचे चार थर आणि वर जुन्या लुगड्याची पट्टी आवळलेली. बायकांच्या जाजमावर ती पुढं बसली. पोरीची ओटी भरायला वाकली, आणि पोटाजवळ काहीतरी कोमट पसरल्यासारखं झालं. शेजारच्या बाईनं पदर नाकाला लावला.

जयाबाई आली. "आक्का, ऊठ. ऊठ म्हटलं न्हवं?"

शालूबाई उठली. साडीवर पिवळा डाग, जाजमावरही. नवऱ्या मुलाची आई समोरच बसली होती. तिनं विचारलं, "ह्या कोण म्हणायच्या?"

"लांबच्या नात्यातल्या हायत ओ," जयाबाई म्हणाली. "आजारी असत्यात."

मग तिनं शालूबाईला मागच्या दारानं परसात नेलं. पत्र्याच्या शेडमध्ये तंबाखूचं रिकामं पोतं अंथरलं. "हितं बस. भावजींना पाठवते." भरमू दुसरीकडं माणसांच्या पंगतीत होता, त्याला कुणी सांगितलंच नाही. शालूबाई दुपारचे चार वाजेपर्यंत त्या पोत्यावर बसली, ओल्या साडीत. तंबाखूची धूळ सोललेल्या कातडीला लागून आग आग होत होती. एका पोरीनं कागदाच्या बशीत जेवण आणलं आणि दोन हात लांब ठेवून पळाली. थोड्या वेळानं ते जाजम परसात आणून टाकलं. जयाबाईनं स्वतः उभं राहून त्यावर फिनेल ओतायला लावलं. जाताना म्हणाली, "आक्का, वाईट वाटून घेऊ नको, पण लग्नाला येऊ नको. पाव्हणे बघत्यात. तिकडनंच अक्षता टाक."

स्वरूपा आत होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं.

घरी येताना भरमू म्हणाला, "जाऊ दे गं. त्यांच्या घरचं कार्य हाय."  दुसऱ्या दिवशी कांड्या भरताना तिनं ठरवलं. स्वरूपाच्या लग्नात, भर मांडवात, जयाच्या नव्या शालूवर पिशवी रिकामी करायची. डाग पडेल तो जयाच्या अंगावर. वास येईल तो जयाला. मग बघू लांबच्या नात्यातली कोण ते.

पण त्यासाठी पिशवी तोवर टिकायला हवी होती. "आजवर ती तिच्या मनानं उघडायची सिस्टर," ती मला नंतर म्हणाली. "मला ती माझ्या मनानं उघडाय पायजे हुती."

म्हणून ती माझ्याकडे आली होती.

मी लुगड्याची पट्टी सोडली, चिकटपट्ट्या भिजवून हळूहळू काढल्या. चकतीखालची कातडी लालभडक झाली होती, जागोजागी साल निघालं होतं, पाणी सुटलं होतं. हात लावला तशी तिनं दात आवळले, पण आवाज काढला नाही.

"काय लावता हिला?"

"खोबरेल. आग हुती म्हणून."

"आणि चकतीचं भोक कुठल्या मापानं कापता?"

"दवाखान्यात दिल्यालं त्याच मापानं. दोन वर्षं तेच."

तिथंच सगळं चुकलं होतं. ऑपरेशननंतर स्टोमा सुजलेला असतो, दीड-दोन महिन्यांत तो आकसतो. तिचा आकसला होता, भोक मात्र पहिल्या मापाचंच. मधली बोटभर कातडी उघडी. लहान आतड्यातून जे येतं ते पातळ आणि जहाल असतं, अन्न पचवणारं पाणीच ते. ते कातडीलाही सोडत नाही. कातडी जळाली की ही खोबरेल लावायची, तेलावर चकती चिकटायची नाही, मग आणखी गळायचं. वरून चिकटपट्टी लावली की गळलेलं आत कोंडून राहायचं.

मी गोल भोकांचं मापाचं कार्ड तिच्या हातात दिलं. "तुमच्या हातानं मापा. ह्याच्यापेक्षा दोन मिलिमीटर मोठं भोक, जास्त नाही. आणि दर महिन्याला परत मापायचं."

मग तिला पोट उघडं ठेवून कांड्या भरताना बसते तसं जमिनीवर बसायला लावलं. बसल्याबरोबर स्टोमाच्या आतल्या अंगाला, बेंबीकडं, खोल घडी पडली. गळती तिथूनच निघत होती. आडवं पडून पिशवी लावली की घडी दिसायचीच नाही. मी त्या जागी भरायला मऊ रिंग दिली, वरून कंबरेचा पट्टा दिला. कोमट साध्या पाण्यानं धुवायचं, साबण नको, तेल नको. घासायचं नाही, टिपायचं. सोललेल्या जागी चिमूटभर पावडर, राहिलेली झटकून टाकायची. चकती बसवली की त्यावर तळहात ठेवून दहा मिनिटं दाबायचं, हाताच्या उबेनं ती धरते. बदलायची ती सकाळी, काही पोटात जायच्या आधी. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची. आणि चकतीखाली खाज किंवा आग झाली की वर पट्टी न मारता सगळं काढून नवीन लावायचं.

उपाशी राहण्यावरून मात्र मी तिला झापलं. "पाणी बंद केलं तर एक दिवस चक्कर येऊन मागावर पडाल. मीठ-साखरेचं पाणी प्या. भात खा, केळं खा, घट्ट येतं."

"भात खाल्ल्यावर किती वेळात भरती?"

मी सांगितलं. तिनं लक्षात ठेवलं. मला वाटलं, चांगलं विचारते आहे.

तुटलेला धागा डोळे मिटून जोडणारी ती बाई. तीन आठवड्यांत तिची कातडी बरी झाली. मार्चमध्ये ती बसनं फिरायला लागली. आधारकार्ड दाखवलं की आमच्याकडं कर्नाटकात सरकारी बसमध्ये बायकांना तिकीट नसतं. ती वडगावातून बस स्टँडला यायची, तिथनं निपाणीच्या गाडीत बसायची, निपाणीला उतरून चहा प्यायची आणि परत यायची. आठवड्यातून एकदा. मला येऊन सांगायची, "पाच तास. एक थेंब न्हाय." मी तिच्याबद्दल दुसऱ्या पेशंटांना सांगायला लागले होते.

एप्रिलमध्ये तिनं विचारलं, "मेच्या उन्हात घाम आला तर निघंल?"

"पट्टा लावा. आदल्या दिवशी नाही, त्याच सकाळी नवी लावा."

"आणि पिशवीचा खालचा चिमटा एका हातानं उघडतो का? पदराखालनं?"

मला तेव्हा कळायला हवं होतं. मी समजले, गर्दीत संडासात अडचण होत असेल. मी तिला एका हातानं उघडायला शिकवलं. दहा वेळा करून घेतलं.

लग्न मे महिन्यात निपाणीच्या एका कार्यालयात होतं, मुहूर्त बारा पस्तीसचा. पत्रिका आली होती, पण जयाबाईनं फोन करून भरमूला सांगितलं होतं, "भावजी, तुम्ही एकटं या." सकाळी शालूबाई तयार होऊन दारात उभी राहिली.

"तू कुठं?" भरमूनं विचारलं.

"अक्षता टाकाय."

"नको गं. कशाला अपमान करून घेतीस?"

"ह्या खेपेला माझा न्हवं," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

तिनं पोटभर दहीभात खाल्ला होता. साडेनवाला ती कार्यालयात पोचली आणि पहिल्या रांगेत बसली. जयाबाई मोठी नथ, जरीचा शालू, कपाळाला मळवट अशी मिरवत होती. शालूबाई दिसली तशी थबकली. जवळ येऊन हळूच म्हणाली, "आक्का, मागं बस की. फॅन हाय तिकडं."

"हितं बरं हाय."

जयाबाई गेली, पण तिची नजर सारखी येत राहिली. दहा वाजता, अकरा वाजता. पाहुण्यांचं स्वागत करताना, नवऱ्या मुलाच्या आईला पान देताना ती मान वळवून शालूबाईच्या साडीकडं बघायची. शालूबाईच्या साडीवर काही नव्हतं.

सव्वाबाराला पिशवी गच्च भरली होती. स्वरूपाला मांडवात आणायची घाई चालू झाली. जयाबाई पुन्हा आली. ह्या वेळी तिच्यासोबत नवऱ्या मुलाची आई होती, म्हणून आवाज गोड. "आक्का, तू आधी जेवून घे जा. गर्दी हुईल."

शालूबाईनं तिचं मनगट धरलं आणि शेजारच्या खुर्चीवर ओढून बसवलं. पदराखालचा दुसरा हात चिमट्यावर होता. तोंड तिच्या कानाशी नेऊन म्हणाली, "जया, पिशवी भरल्या. बोट चिमट्यावर हाय. तुझ्या मांडीवर उघडू?"

जयाबाई हलायलाही घाबरली. ओठ न हलवता म्हणाली, "काय पायजे तुला आक्का?"

"सिस्टर," शालूबाई मला म्हणाली, "चार महिने मी उघडायचंच ठरवलेलं. पण ती 'काय पायजे' म्हणाली आणि मला कळलं. उघडली की संपलं. न उघडता धरून बसलं तर जया माझ्या हातात हाय."

"विहीणबाईंना सांग मी कोण," ती म्हणाली.

जयाबाई विहीणबाईंकडं वळली. "ही... माझी थोरली जाऊ. सख्खी."

"आणि पोरगी पाच वर्षं कुणाकडं हुती?"

"हिच्याकडंच. हिनंच सांभाळली."

विहीणबाई दोघींकडं बघत राहिल्या. साखरपुड्याचं त्यांना आठवलं असणारच. मग त्या पुढं गेल्या.

"आता मला मोरीत ने," शालूबाई म्हणाली. "तूच. दुसरी कुणी आली तर हितंच उघडीन."

"आक्का, वीस मिंटांत मुहूर्त हाय गं."

"मग ऊठ लवकर."

नवरीच्या खोलीला लागून मोरी होती. खोली रिकामी झाली होती, स्वरूपाला नुकतंच घेऊन गेले होते. शालूबाई आत गेली, दार लोटलं आणि म्हणाली, "भाईर उभी ऱ्हा. कुणाला आत सोडू नको. आणि कोमट पाणी आण. गार चालत न्हाय, सिस्टरनी सांगितलंय."

जयाबाई धावत जाऊन आचाऱ्याकडून तांब्याभर कोमट पाणी घेऊन आली. दाराच्या फटीतून दिला.

पिशवी रिकामी करायला दोन मिनिटं लागतात. शालूबाईनं ती रिकामी केली आणि मग चांगली बसलेली चकती काढायला घेतली. काही गरज नव्हती. सकाळीच लावली होती. पण तिच्या कापडी पिशवीत दुसरा संच होता, आणि तिनं मी शिकवलेलं सगळं, एकही पायरी न गाळता, पहिल्यापासून केलं. धुतलं, टिपलं, मापलं. कात्रीनं भोक कापलं. कडा बोटानं गुळगुळीत केल्या.

बाहेर मंगलाष्टका सुरू झाल्या. लाऊडस्पीकरवरून आवाज मोरीतसुद्धा स्पष्ट येत होता.

"आक्का, झालं का गं?"

"कातडी वाळाय पायजे."

"आक्का, तुझ्या पाया पडते. एकुलती एक पोरगी हाय माझी."

"जा की. कुणी धरलंय तुला? तू गेलीस की मी अशीच मांडवात येईन. पिशवीबिगर."

जयाबाई गेली नाही. मारुतीरावाचा आवाज आला, "जया! अगं कुठं हाईस? भटजी थांबत न्हाईत!" ती ओरडली, "आले, आले," पण जागची हलली नाही. कुणीतरी म्हणालं, आईच्या जागी मामीला उभी करा. आतून शालूबाई ऐकत होती. तिनं रिंग घडीत भरली, चकती बसवली, तळहात ठेवला आणि दहा मिनिटं मोजायला लागली.

सावधान, सावधान झालं. बँड वाजला. दाराबाहेर जयाबाई खाली बसल्याचा आवाज आला, आणि मग रडण्याचा.

"आणि तुम्हाला काय वाटलं?" मी विचारलं.

"गोड वाटलं," शालूबाई म्हणाली. "खोटं कशाला बोलू? लई गोड वाटलं. सात मिंटं झालती. मी आठवं मोजलं."

दहा झाल्यावर तिनं साडी नेसली, पदर नीट केला. पदराच्या टोकाला गाठ होती. गाठीत तिच्या वाट्याच्या अक्षता तशाच होत्या.

दार उघडलं तेव्हा जयाबाई पायपुसण्यावर बसली होती, नथ एका बाजूला सरकलेली, जरीच्या शालूला मोरीचं पाणी लागलेलं. शालूबाई तिला ओलांडून पुढं गेली. पंगतीत बसली, दोन वेळा भात मागून घेतला. संध्याकाळी सहाला वडगावला पोचली. एक थेंब गळला नव्हता.

हे सगळं तिनं मला जूनमध्ये सांगितलं, माझ्या खोलीत, मापाचं कार्ड हातात फिरवत. सुरुवातीला पोत्याचं, फिनेलचं ऐकताना माझ्या मुठी वळल्या होत्या. बेळगुंदीला आमच्या शेतकरी घरातही लग्नं झालीत, आजारी माणसाला कुठं बसवतात ते मी पाहिलं आहे. मोरीचं ऐकतानाही मला आधी बरंच वाटलं. मग वाटेना.

"मी तुम्हाला ह्याच्यासाठी शिकवलं नव्हतं," मी म्हणाले.

"मग कशासाठी?"

"माणसांत जाता यावं म्हणून."

"गेले की माणसांत."



लग्नानंतर जयाबाईनं वडगावशी बोलणं टाकलं. मारुतीराव भरमूला फोन करतो, पण शालूबाईचं नाव काढत नाही. भरमू आठ दिवस बायकोशी बोलला नाही, मग माग बिघडला आणि बोलावं लागलं. मला चक्कर आली होती, असं जयाबाईनं स्वरूपाच्या सासरच्यांना सांगितलं म्हणे. खरं काय ते कुणालाच सांगता येत नाही, कारण मग पोत्यापासून सांगावं लागेल.

दिवाळीनंतर स्वरूपा वडगावला आली, एकटीच. शालूबाईनं चहा ठेवला. स्वरूपा म्हणाली, "मोठी आई, व्हिडिओ बघितला. अक्षतांच्या वक्ताला आई न्हाय आणि तूबी न्हाईस. आई काय सांगत न्हाय. तू सांग."

शालूबाईनं सांगितलं. काही लपवलं नाही. जाजम, पोतं, लांबचं नातं, चिमटा, कोमट पाणी, दहा मिनिटं. स्वरूपा मान खाली घालून ऐकत होती.

"तुला पोत्यावर बसवलं हे मला ठाऊक न्हवतं," ती शेवटी म्हणाली. "ठाऊक असतं तर मी उठून आले असते भाईर. साखरपुडा मोडला असता तरी." मग म्हणाली, "पण तू मला इचारलंच न्हाईस. तुमच्या दोघींच्या भांडणात माझ्या डोक्यावर दोघींच्याबी अक्षता पडल्या न्हाईत."

चहा तसाच ठेवून ती गेली. त्यानंतर फोन करते, सणाला येत नाही.

डिसेंबरात शालूबाई मापायला आली तेव्हा हे तिनं सांगितलं. कातडी स्वच्छ होती, कुठं लालीचा ठिपकासुद्धा नाही. मी वहीत तसं लिहिलं. लिहिता लिहिता विचारलं, "पस्तावा होतो?"

"जयाचा? न्हाय."

"पुन्हा तीच वेळ आली तर?"

तिनं पोटावरचा पट्टा घट्ट केला, साडी सारखी केली, उठून उभी राहिली.

"अक्षता पडूस्तवर थांबले असते," ती म्हणाली. "मग नेलं असतं तिला आत."